धामणवाडीच्या वेशीतला साहेब

हैदराबाद सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत चार दिवसांचे कपडे, कचेरीचा पेटीसारखा कॅमेरा आणि एका वारलेल्या इंग्रजाची कारकीर्द होती. कारकीर्द म्हणजे टंकलेखन केलेली दोन पानं. एवढा मोठा माणूस, पण घडी घातली की खिशात मावत होता.

मी ज्या सरकारी दप्तरखान्यात नोकरीला आहे, तिथे विलायतेहून एक पत्र आलं होतं. सर रॉजर विंटरबी नावाचे गृहस्थ तिकडे वृद्धापकाळानं वारले. त्यांची मुलगी त्यांच्या कारकिर्दीचं पुस्तक छापणार होती. तिनं लिहिलं होतं की, वडिलांची पहिली नेमणूक निजामाच्या मुलखात, जालन्याकडे झाली होती. तिथे एका गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा त्यांनी मिटवला आणि गावानं त्याची आठवण म्हणून दगड उभारला, असं ते म्हातारपणी वरचेवर सांगत. तो दगड अजून आहे का? असल्यास फोटो मिळेल का?

आमच्या मुख्यांनी विचारलं, "जालन्याकडचं कोण आहे?" मी हात वर केला. बदनापूरच्या जवळ आमची पाच एकर जमीन आहे. बी.ए. झालेला मी आमच्या घराण्यात पहिला, आणि गावातही पहिलाच. हे मी लपवून ठेवत नाही. कष्टानं मिळवलेली गोष्ट माणसानं सांगावी.

म्हणून विंटरबी साहेबांच्या मानमरातबाची यादी मी जरा चवीनंच वाचली. जालन्यानंतर इराणच्या आखातात बुशहर, मग बगदाद, मग तीन देशांच्या राजधान्या, शेवटी राजाचा वकील. वाटेत एक पदक, मग दुसरं, मग 'सर', मग गळ्यात रुळणारा रेशमी पट्टा. माझ्या नावापुढे दोन अक्षरं, त्यांच्या नावापुढे अकरा. मी मोजली.

जुन्या निवाड्याची फाइलही शोधली. तंटा होता पोळ्याच्या मानाचा. धामणवाडीत पाटीलकीच्या दोन पाती (भावकीच्या शाखा), थोरली आणि धाकटी. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जायचा, यावरून दरसाल डोकी फुटत. तरुण विंटरबी साहेब तेव्हा निजाम सरकारला उसने दिलेले अंमलदार. त्यांनी दोन दिवसांत हुकूम लिहिला: एका सालचा मान थोरल्या पातीचा, दुसऱ्या सालचा धाकटीचा, आणि असंच आळीपाळीनं पुढे. फाइलीत खाली हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीचं शाबासकीचं पत्र होतं, साहेबांच्या यादीतलं पहिलं. मध्येच एक उर्दू चिठोरं होतं, पेशकाराचं (अंमलदाराच्या हाताखालच्या कारकुनाचं), आणि त्याच्या कडेला साहेबांच्या हातची पेन्सिलीची एक ओळ. सवयीनं मी तेही सगळं वहीत उतरून घेतलं. तेव्हा मला त्यात काही विशेष दिसलं नाही, हे आधीच कबूल करतो.

जालन्याला सकाळी उतरलो. श्रावण सरत आला होता. पाऊस पडत नव्हता आणि उघडतही नव्हता. आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली आलेलं. अंबडची मोटार दुपारी सुटायची होती, म्हणून टांगा करून छावणीत गेलो. साहेब जिथे राहिले तो बंगला पाहावा, दोन ओळी लिहाव्यात.

टांगेवाले म्हातारे चाचा हसले. "छावनी में क्या देखते बाबू? गोरे गए सो गए, अब चमगादडां हैं."

चमगादडं म्हणजे वटवाघळं, आणि ती खरोखरच होती. बंगल्याच्या दिवाणखान्यात कुणा व्यापाऱ्यानं सरकीची पोती रचली होती. भिंतीवर शिकारीची मुंडकी टांगलेल्या जागा पांढऱ्या राहिल्या होत्या, बाकी भिंत काळी. सरकीचा कुबट वास नाकात बसला तो अंबडपर्यंत गेला नाही. मला वाटलं होतं, असल्या जागी आपल्याला थोडा राग येईल किंवा थोडा आनंद होईल. काहीच झालं नाही. नुसतं उदास वाटलं, रिकाम्या गोठ्यात गेल्यावर वाटतं तसं.

अंबडला देवीच्या टेकडीखाली शेवचिवडा खाल्ला आणि घनसावंगीकडची मोटार धरली. ती ओढ्यात रुतली. काळ्या मातीचा चिखल ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. चाक काय, माणसाची वहाणसुद्धा तो परत देत नाही. माझी एक वहाण तिथेच राहिली. शेवटी गोदेकडे निघालेल्या एका गाडीवानानं मला घेतलं. दोन्ही बाजूंना कपाशी पाण्यात उभी, पिवळी पडलेली.

"कुठं, धामणवाडीला?" गाडीवान म्हणाला. "सायबोबाच्या गावाला चाल्ले व्हय?"

"सायबोबा कोण?"

"वेशीतला द्येव हाय त्यांचा. नवसाला पावतो म्हणत्यात. आता कोणाला पावला ते इचारू नका." त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या पोळा हाय, पण त्या गावात बैल निघत न्हाई. लई वर्सं झाली."

"का?"

"मी पाव्हणा माणूस. तुम्ही त्यांनाच इचारा." आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "एका वहाणंनं गावात जाऊ नका, दुसरी बी फेका. उगंच लोक हसतील."

मी फेकली. बी.ए. झालेला माणूस अनवाणी धामणवाडीत शिरला.

वेस म्हणजे दोन दगडी बुरूज आणि मधून एक गाडी जाईल एवढी वाट. उजव्या बुरुजाला टेकून तो उभा होता. कमरेएवढा उंच, डोक्यापासून पायापर्यंत शेंदूर, त्यावर चांदीच्या पत्र्याचे डोळे चिकटवलेले, गळ्यात रुईच्या पानांची माळ. पुढे नारळाची शकलं. मारुतीच म्हणाल. मी उजेड होता तोवर एक फोटो काढून घेतला.

"चपला काढल्यात हे बरं केलं," मागून आवाज आला. देवाची पूजा करणारे सोपान गुरव होते, हातात तेलाची वाटी. "कोण गावचे?"

मी कचेरीचं नाव सांगितलं, साहेबांचं सांगितलं.

"इंतरबी साबाचा कागद आणलाय तुम्ही?"

"कागद नाही, नक्कल. वहीत."

वाटी तिथेच ठेवून ते गावात पळाले. मी वेशीत उभा, अनवाणी, चिखलानं गुडघ्यापर्यंत काळा.

थोरल्या पातीचे बाबुराव पाटील, साठीचे, घोंगडी पांघरूनच आले आणि मला वाड्यावर घेऊन गेले. तो खांदमळणीचा दिवस होता. गोठ्यात गडी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळत होते. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं बैलांच्या कानाशी म्हणत होते. तेवढं एकच गोड ऐकू आलं त्या गावात. मला पाय धुवायला ऊन पाणी दिलं, ज्वारीची भाकरी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवताना पाटलांनी मला वरून खालून पाहिलं.

"बी.ए. म्हंजे कुठवर शिकला?"

"त्याच्यापुढे अजून आहे. पण आमच्याकडे कोणी एवढंही गेलं नव्हतं."

"वडील?"

"शेती करतात. पाच एकर."

"पोळ्याला तुमचा बैल कितवा?"

"शेवटचा," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं? "आमचे बैल तोरणाखालून जातात तेव्हा तोरणाची पानं गळून गेलेली असतात."

पाटील हसले. "मंग तुम्हाला आमचं दुखणं कळायचं न्हाई, बीए साहेब."

आणि त्यांनी ते सांगितलं.

साहेबाचा हुकूम गावानं मानला. कागदाची प्रत पाटलांच्या दप्तरात होती, पण साहेब जाताना गावानं दगड कोरून वेशीत बसवला, म्हणजे हुकूम कायमचा झाला. पहिल्या पोळ्याला दोन्ही पातींनी मिळून दगडाला कुंकू लावलं. पुढच्या सालापासून शेंदूर. गाव शहाणं झालं म्हणून लोक खूश होते, दरसाल एक हात शेंदूर चढत गेला. प्रत वाळवीनं खाल्ली त्याचं कोणाला काही वाटलं नाही. दगड आहे ना, त्यावर सगळं लिवलंय.

मग एका साली बुळकांडी आली. गुरं पटापट मेली. त्या साली मान थोरल्या पातीचा होता, पण पोळाच झाला नाही; तोरण कोणासाठी बांधायचं? पुढच्या सालच्या पोळ्याला दोन्ही पातींचे बैल वेशीत आले. थोरली पात म्हणाली, आमची पाळी राहिलीय, आधी आम्ही. धाकटी पात म्हणाली, तुमचं साल बुडालं, आता आमचं. दोघंही त्याच दगडाकडे बोट दाखवत होते. दगडावर बोटभर शेंदूर. धाकट्या पातीचा भिवा आणि पाटलांचा धाकटा भाऊ रघू एकमेकांना भिडले. काठीचा एक घाव कानशिलावर बसला आणि रघू जागीच गेला. भिवाला जन्मठेप झाली, तिसऱ्या वर्षी तोही तुरुंगातच वारला.

"तवापसून वेशीत तोरण न्हाई," पाटील म्हणाले. "मानाचा बैल गेल्याबिगर दुसऱ्याचा जात न्हाई. सगळं गाव आपापल्या गोठ्यात बैलं पुजतं. आमचा रघू हक्कानं उभा व्हता, बीए साहेब. दगड खरवडायला कोणी धजलं न्हाई म्हणून, न्हाईतर दिसलंच आसतं."

मला उगाच वाटलं की पाटील माझ्या वहीकडे बघत आहेत. ते बघतच होते.

सकाळी मी ओसरीवर चहा पीत होतो तेव्हा एक म्हातारी अंगणात येऊन उभी राहिली. उंच, ताठ, कपाळ मोकळं. पाटलांच्या घरातली बाई तिला पाहून आत निघून गेली.

"सारजाकाकू," पाटील हलक्या आवाजात म्हणाले. "भिवाची आई."

ती पायरी चढली नाही. तिथूनच म्हणाली, "तूच का रं कागदवाला?"

"हो, काकू."

"माझं एकच इचारणं हाय. मारलं ते वाईट केलं. त्याची सजा त्यानं भोगली, मी भोगून राह्यले. पण पाळी कोणाची व्हती? माझा भिवा लबाडीनं उभा व्हता का बराबर उभा व्हता? कोर्टात मी हात जोडले, एवढं तरी लिवा म्हणलं. वकील म्हणला, बाई, त्याचा खटल्याशी संबंध न्हाई. तिथं काठी कोणाची एवढंच इचारलं." तिचा श्वास लागला होता. "त्याला लबाड म्हणत्यात लोकं. त्याच्या पोराला म्हणत्यात, लबाडाचा. आता तू आलायस. तुझ्या कागदात काय हाय?"

मला खरं म्हणजे त्या क्षणी ते चिठोरं आठवलं. मी म्हणालो, "काकू, आधी दगड बघू."

हे मी का म्हणालो? वेळ काढायला म्हणालो. दगडावर काहीतरी जास्त लिहिलेलं असेल, आणि माझी वही उघडावी लागणार नाही, अशी आशा होती.

अर्ध्या तासात सगळं गाव वेशीत. सोपान गुरव दगडाला पाठ लावून उभे.

"माझ्या बापानं चढवलेला शेंदूर हाय त्यो. देवाचं कातडं सोलता का?"

"सोपाना, सर," सारजाकाकू म्हणाली. "देव आसंल तर त्याला माझं दुःख कळंल. दगड आसंल तर रागावायचा सवालच न्हाई."

शेवटी गुरवच म्हणाले, परक्या हातानं नको, मीच करतो. त्यांनी तेल ऊन करून ओतलं आणि खुरप्याच्या पाठीनं हळूहळू खरवडायला घेतलं. खपल्या पडायला लागल्या, बोटभर जाडीच्या, आतून काळपट तांबड्या. चांदीचे डोळे त्यांनी आधी काढून पदरात, म्हणजे धोतराच्या सोग्यात, बांधून ठेवले. एक अक्षर दिसलं, मग दुसरं. गावात नवी शाळा झाली होती, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. मी गुडघ्यावर बसलो आणि मोठ्यानं वाचलं:

"मेहेरबान विंटरबी साहेब बहादूर, सरकार इंग्रज, यांनी या वेशीत उभे राहून न्याय केला."

"म्होरं?" पाटील म्हणाले.

म्होरं काही नव्हतं. खाली दगड तसाच खडबडीत होता, छिन्नीसुद्धा लागलेली नव्हती.

"खाली मातीत आसंल. उकरा."

हातभर उकरलं. माती, एक गोगलगाय, आणि दगडाचं बूड. न्याय केला एवढंच लिहिलं होतं. काय न्याय केला ते लिहिलेलंच नव्हतं. साहेबाचं नाव आणि मान तेवढा कोरला होता. त्याला गावानं चाळीस वर्षं शेंदूर फासला, त्याच्याकडे बोट दाखवून एकमेकांना मारलं.

एक म्हातारा हसल्यासारखा खोकला.

"मंग तुझा कागद," सारजाकाकू म्हणाली.

मी वही उघडली. हुकूम वाचला, तो सगळ्यांना पाठच होता. मग मी थांबलो.

"आजून काही हाय," ती म्हणाली. तिला कसं कळलं कोण जाणे. माझ्या तोंडावर असेल.

"आहे, काकू. साहेबांच्या पेशकारानं हुकूम लिहून झाल्यावर एक प्रश्न विचारला होता." मी उर्दूचं मराठी करून वाचलं: "'एखाद्या साली काही आफतीमुळे पोळा झालाच नाही, तर ज्याची पाळी होती त्याची ती पुढल्या साली सरकावी, की वाया जावी? याचा खुलासा हुकुमात व्हावा, नाहीतर पुढे तंटा होईल.'"

पाटील एक पाऊल पुढे आले.

"आणि साब काय म्हणला?" त्यांनी विचारलं.

"साहेबांनी कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: 'काल्पनिक प्रश्न. पुढे नेऊ नये. मी येत्या गुरुवारी निघतो आहे.'"

"म्हंजे?"

"म्हणजे उत्तर दिलंच नाही. पाळी कोणाचीच ठरवलेली नव्हती."

बाबुराव पाटील बुरुजाच्या पायरीवर बसले. मग एकदम माझ्यावर उखडले. "तू बी.ए. हायेस न्हवं? एवढं शिकलास, सायबाचं लिवणं वाचतोस. मंग तू सांग. तुझ्या अकलेनं सांग, पाळी कोणाची व्हती? तू सांगशील ते गाव मानंल. काय रं, मानाल का न्हाई?"

"मानू," चारपाच आवाज आले.

खरं सांगतो, क्षणभर मला ते आवडलं. पाच एकरवाल्याचा मुलगा, ज्याचे बैल नेहमी शेवटी, तो पाटलाच्या वेशीत उभा आहे आणि पाटील त्याच्याकडे न्याय मागतो आहे. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. सारजाकाकूच्या बाजूचं बोललो असतो तर त्या बाईचा उरलेला जन्म ताठ मानेनं गेला असता. पण ते ऐकून समोर बसलेल्या माणसाचा मेलेला भाऊ लबाड ठरला असता.

मी म्हणालो, "पाटील, मला तो अधिकार नाही. आणि मी तर उद्या निघतो आहे."

शब्द तोंडातून गेले आणि मला माझीच लाज वाटली. वही अजून त्याच पानावर उघडी होती.

सारजाकाकूनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती दगडाकडे बघत होती. तिकडे बघतच म्हणाली, "त्या कारकुनाला सुचलं व्हतं, बरं का पाटील. माझा भिवा तवा पाळण्यात व्हता. त्याच्या मरणाचा सवाल त्या माणसानं तवाच इचारला." मग माझ्याकडे वळली. "त्याचं नाव काय?"

मी वही चाळली, जणू काही मला माहीत नव्हतं. "नाव नाही, काकू. हुद्दा आहे. खाली सहीची नुसती एक रेघ आहे."

"शोध," ती म्हणाली. "सापडलं तर मला कळीव. साळंचा मास्तर वाचून दाखवील."

दुपारी तरण्या पोरांनी वेशीत तोरण बांधलं. आता कोणाचाच हक्क खरा नव्हता म्हटल्यावर तंटा मिटला, असं त्यांना वाटलं असावं. बैल सजून आले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, कपाळावर बाशिंगं. कित्येक वर्षांनी वेशीपुढे बैलांची रांग लागली. मी कॅमेरा घेऊन बुरुजावर चढलो. उघड्या दगडाचा एक फोटो घेतला होता, आता हा घ्यायचा होता.

"काकू, तुमचे न्या," बाबुराव पाटील म्हणाले. पटका काढून हातात धरला होता त्यांनी.

सारजाकाकू नातवाच्या मागे उभी होती. तिनं मान हलवली. "कशाच्या जोरावर नेऊ? तुमचे न्या."

"मी तरी कशाच्या जोरावर नेऊ?"

दोघंही खरं बोलत होते. भांडायला आता कोणाजवळ काही उरलं नव्हतं, आणि पुढे पाऊल टाकायलाही. मागून कोणी म्हणालं, मागल्यांनी पुढं व्हा, पण मागल्यांची जन्माची सवय, ते कुठले पुढे होतात! मला ती सवय माहीत आहे. रांग तशीच उभी राहिली. मग पावसाची बुरबुर सुरू झाली. शिंगांचा रंग बैलांच्या डोळ्यांवरून ओघळायला लागला, तसे लोक एकेक करून बैल वळवून घरी गेले. पुरणपोळ्या गोठ्यातच खाऊ घातल्या. मला पाटलांच्या घरी गुळवणीबरोबर दोन पोळ्या वाढल्या. चांगल्या असतील. मला चव लागली नाही.

सकाळी निघालो तेव्हा सोपान गुरव वेशीत उकिडवे बसून दगडाला नवा शेंदूर लावत होते. अक्षरं बुजत आली होती. 'न्याय' तेवढा अजून दिसत होता.

"आता कशाला लावता?" मी विचारलं.

"उघडा बघवत न्हाई," ते म्हणाले, आणि सोग्याच्या गाठीतून चांदीचे डोळे काढून फुंकून पुसले.

वर तोरण होतं. त्याखालून मीच एकटा बाहेर पडलो.

परतीच्या वाटेवर बदनापूरला उतरून घरी एक दिवस राहिलो. वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू निकाल दिला न्हाई ते बराबर केलं." मग विडी विझवून म्हणाले, "पर मी उद्या जातो, हे म्हणाया नको व्हतं." मला ते माहीत होतं. तरी दुसऱ्यानं म्हटल्यावर जास्त लागलं.

हैदराबादेत येऊन मी सहा पानांचा अहवाल लिहिला. दगडावर काय आहे, काय नाही, पेशकाराचा प्रश्न, साहेबांची ओळ, रघू, भिवा, सगळं. आमचे मुख्य सज्जन आहेत. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "बापाच्या आठवणीचं पुस्तक काढतेय बिचारी. तिला हे कशाला?" आणि त्यातून एक वाक्य ठेवलं: 'दगड अद्याप उभा असून गावकरी त्याची श्रद्धेनं पूजा करतात.' वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. मीही ते तसंच टाकायला दिलं.

पुस्तक यंदा आलं. जाड कागद, निळी कापडी बांधणी. साहेबांच्या मानमरातबाला दीड पान. पहिल्या ओळीत धामणवाडी, शेजारी शेंदरी दगडाचा माझा फोटो, काळा-पांढरा, त्यामुळे तो नुसताच काळा दिसतो. आणि शेवटी आभाराच्या पानावर माझं नाव, पुढे बी.ए. आमच्या सात पिढ्यांत छापलेलं पहिलं नाव.

ते पुस्तक मी घरी नेलं. मला ते दाखवायचंच होतं, नाही कशाला म्हणू? वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "तुझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. ते उठले, देव्हाऱ्यातून कुंकवाची कोयरी आणली, बोट बुडवलं. मी त्यांचा हात धरला. जन्मात पहिल्यांदा मी वडिलांचा हात धरून अडवला.

"दादा, नको. अक्षरं बुजतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटावर कुंकू तसंच. मग ते त्यांनी स्वतःच्याच कपाळाला पुसलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

पेशकाराचं नाव मी अजून शोधतो आहे. जालन्याच्या नेमणुकांची जुनी पुस्तकं पाहून झाली. अंमलदारांची नावं आहेत, त्यांच्या घोड्यांचीसुद्धा आहेत. पेशकार 'एक' एवढंच लिहिलेलं आहे. सारजाकाकूला अजून पत्र टाकलेलं नाही, काय लिहू? त्या निळ्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र मी त्याचा प्रश्न माझ्या अक्षरात उतरून ठेवला आहे, जसाच्या तसा, आणि खाली सहीपुरती जागा सोडली आहे.